अनवाणी पायांसाठी दोन हात माती

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होते. शनिवारची अर्धी सुट्टी, विभागात कुणी नव्हतं. फोन माधवीचा होता. माधवी म्हणजे अण्णांची मुलगी, दुर्गाघाटावरच्या घरात त्यांच्यासोबत राहणारी. "ताई, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, मी पेपर घेऊन आले तोवर..." एवढं बोलून ती थांबली. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू येतं म्हणतात. मला आलं नाही. मला आधी आठवलं ते माझं खोटं. तीनच दिवसांपूर्वी, बुधवारी, मी त्यांच्या खाटेशेजारी बसून, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून, तब्बल दहा मिनिटं खोटं बोलले होते. साधंसुधं नव्हे, चांगलं तिखटमीठ लावून. आणि आता ते दुरुस्त करायला माणूसच उरला नव्हता. हातातली नळी मी तिसऱ्यांदा धुतली, जागेवर ठेवली आणि दुर्गाघाटाकडे निघाले.

अण्णा माझे नात्यातले कुणी नव्हते. मी साताऱ्याची. वडील शाळामास्तर आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर चढणारे, त्यामुळे किल्ले पालथे घालणं हा आमच्या घरचा कुळधर्मच. नोकरीच्या निमित्ताने बनारसला आले तेव्हा इथलं सगळं आवडलं, फक्त जमीन आवडली नाही. जिकडे बघावं तिकडे सपाट. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एकदा प्रसादाच्या पंगतीत मी हीच तक्रार मोठ्या आवाजात करत होते, की या गावात चालायला म्हणून एक डोंगर नाही. समोर बसलेल्या, पांढऱ्या मिशांच्या एका उंच गृहस्थांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला आणि मला म्हणाले, "चालायला डोंगर कशाला लागतो गं? जमीन लागते. रविवारी सकाळी सहाला ये. चप्पल जुनी घाल, आणि दोपहरचा डबा घेऊन ये." नाव-गाव विचारायच्या आत त्यांनी पुन्हा भात मागितला होता. अण्णांशी माझी ओळख झाली ती अशी.

रविवारी त्यांनी मला नेलं ते पंचक्रोशीच्या वाटेवर. काशीला वळसा घालणारी ही पंचवीस कोसांची वाट. मणिकर्णिकेवर संकल्प सोडून निघायचं, काशी सतत उजव्या हाताला ठेवायची, वाटेत पाच मुक्काम करायचे आणि पुन्हा मणिकर्णिकेला यायचं, तेही अनवाणी. एरवीही लोक जातात, पण खरी गर्दी अधिक महिन्यात. आमच्याकडे साताऱ्याला अधिक महिना म्हटलं की जावयाचं ताट आणि अनारसे. इथे अधिक महिना म्हणजे पाय. खेड्यापाड्यांतून बायाबापड्या गाठोडं डोक्यावर घेऊन हजारोंनी निघतात. वाट मात्र आता वाट राहिलेली नाही. बराचसा डांबरी रस्ता झालाय, त्यावरून ट्रॅक्टर आणि मोटरसायकली पळतात. त्या डांबराच्या उजव्या कडेला मातीची एक पट्टी आहे, दोन माणसं शेजारी चालतील एवढी. कुठे आहे, कुठे खचली, कुठे कुणी गिळली. अण्णांचं म्हणणं एवढंच होतं की अनवाणी चालणाऱ्याला ही दोन हात माती मिळाली पाहिजे. त्यासाठी ते अठरा वर्षं दर रविवारी घराबाहेर पडत होते.

दुर्गाघाटावरच्या वैदिक घराण्यात जन्मलेला हा माणूस रेल्वेत गेला आणि उभी हयात रुळांची देखभाल करण्यात घालवून निवृत्त झाला. वडिलांना ते शेवटपर्यंत पसंत नव्हतं म्हणे. "पोथी सोडून पटरी धरली" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. निवृत्तीच्या वर्षी अधिक महिना होता आणि काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, पंचक्रोशी करायची ठरवली. अण्णा गेले नाहीत. त्यांना कंटाळा आला होता, असं तेच सांगत. पाचव्या दिवशी काकू आल्या त्या भिंतीला धरून. तळव्यांना फोड आलेले आणि टाचेत बाटलीची काच. परातीत गरम पाणी घेऊन अण्णांनी ती काच काढली. त्याबद्दल ते एकदाच माझ्याशी बोलले. "पस्तीस साल मी लोखंडाची वाट राखली वैशाली. रात्रंदिवस. कुणाचे कुणाचे पाहुणे सुखरूप घरी पोचवले. आणि आपल्या घरातली बाई पायी निघाली, तर तिच्या पायाखाली काय आहे ते मी बघितलंसुद्धा नाही." पुढच्याच रविवारी ते एकटे कुदळ घेऊन निघाले. काकू त्यानंतर फार वर्षं राहिल्या नाहीत, पण पट्टीचं काम थांबलं नाही.

मी गेले तेव्हा पंधरा-वीस जणांची टोळी जमली होती. तिला सगळे 'गँग' म्हणत, कारण अण्णांनी कामाची पद्धत रेल्वेतून जशीच्या तशी उचलली होती. रुळांवर जशी प्रत्येक गँगमनची हद्द ठरलेली असते तशी त्यांनी वाटेची तुकड्यांत वाटणी केली होती. आपल्या हद्दीतलं गाजरगवत, काटे, काचा, खड्डे हे ज्याचं त्याने पाहायचं. दुसऱ्याच्या हद्दीत न विचारता हात घालायचा नाही. तो त्या माणसाचा अपमान, असं ते म्हणत. एक तुकडा दुरुस्त झाला की अण्णा चपला काढून त्यावरून चालून बघत. जाताना डोळे उघडे, येताना मिटलेले. खडा टोचला तर तोंडातून शब्द न काढता बोटाने जागा दाखवत. आणि त्यांचा एकच मंत्र होता, जो मी शेकडो वेळा ऐकला असेल: "पाणी काढा. पाणी निघालं की रूळ जागेवर राहतो, माती जागेवर राहते, घरसुद्धा जागेवर राहतं." म्हणून पट्टीच्या कडेने नाली खणायची, उतार द्यायचा आणि वर वाळूमिश्रित माती पसरायची. बलुई माती म्हणतात तिला इथे. पावसात चिकटत नाही आणि उन्हात भाजत नाही.

माझ्या पहिल्याच दिवशी मी एक गोंधळ घातला. भीमचंडीच्या, म्हणजे वाटेवरच्या दुसऱ्या मुक्कामाच्या, पुढे आम्ही गवत काढत काढत चाललो होतो आणि अर्धा कोस गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की खुरपं मागे लिंबाखालीच राहिलं. मी सरळ मागे वळले. तोच जोशीगुरुजी ओरडले, "अहो बाई, मागे नका जाऊ!" मला वाटलं साप आहे. साप नव्हता, शास्त्र होतं. गुरुजी ब्रह्माघाटावर पौरोहित्य करणारे. त्यांच्या मते या वाटेवर एकदा पुढे टाकलेलं पाऊल मागे घेणं म्हणजे प्रदक्षिणा उलटी फिरवणं. मग खुरप्याचं काय करायचं? गुरुजींनी फार विचार करून सुचवलं, की पूर्ण वळसा घालून पाचव्या दिवशी ते उचलता येईल. मी साताऱ्याची असल्याने मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. टोळीतल्या निम्म्या लोकांनी मान डोलावली. शेवटी अण्णा म्हणाले, "गुरुजी, सकाळी संकल्प सोडला होता का आपण? नाही ना? मग आपण यात्रेकरू नाहीच. आपण गँगमन. गँगमन दोन्हीकडे चालतो, नाही तर वापस घरी कसा येणार?" गुरुजींना ते पटलं, पण पुरतं नाही. खुरपं आणायला तेच गेले, रस्त्याच्या डाव्या कडेने. डावी कड पंचक्रोशीच्या बाहेर धरतात, तेव्हा तिथून मागे गेलं तर दोष नाही, असा मार्ग त्यांनी काढला. तेव्हापासून आमच्या टोळीत नियमच झाला: कामाच्या दिवशी संकल्प सोडायचा नाही, आणि विसरलेलं हत्यार आणायला डाव्या कडेने जायचं. हा नियम अजून सगळे पाळतात. मीही पाळते, आणि का ते मला विचारू नये.

अण्णा भांडत नसत, आणि मला त्याचा राग यायचा. माझा स्वभाव अरे ला का रे करण्याचा. रामजतन नावाचा शेतकरी दरवर्षी नांगरताना पट्टीतला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, आपल्या शेतात ओढून घ्यायचा. तीन वर्षांत पट्टी निम्मी झाली. मी म्हटलं, तक्रार करू या. अण्णा त्याच्या दारात गेले, खाटेवर बसले आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला विचारलं, "अम्मा, अबकी मलमास में परिकरमा उठइहैं?" मलमास म्हणजे अधिक महिना. म्हातारी खुलली. म्हणाली, पाय साथ देत नाहीत, पण मन आहे. अण्णा म्हणाले, "त चलिहैं केहर से, अम्मा? तनी रास्ता देख लेईं." आणि चालणार कुठून ते दाखवायला तिला हाताला धरून, चपला काढायला लावून, तिच्याच मुलाने नांगरलेल्या ढेकळांवरून चार पावलं चालवलं. रामजतन बांधावर उभा राहून बघत होता. कुणी त्याला एक शब्द बोललं नाही. पुढच्या रविवारी त्याने स्वतः बांध मागे सरकवला, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तो फावडं घेऊन आमच्यात आला. आजही तो गँगमधला सगळ्यात तगडा गडी आहे.

आता माझ्या चुकीकडे येते. मागचा अधिक महिना श्रावणात आला होता. दिवसभर पाऊस, आणि भीमचंडीहून रामेश्वरच्या मुक्कामाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या माझ्या हद्दीत पट्टीचा चिखल झालेला. माझ्या डोळ्यांदेखत एक म्हातारी घसरून पडली. तिचं मनगट मोडलं. तिला दवाखान्यात पोचवताना ती मलाच म्हणत होती, "रोवा मत बिटिया, भोलेनाथ की इच्छा." मी मनाशी ठरवलं, की भोलेनाथाची इच्छा काही असो, माझ्या हद्दीत पुन्हा कुणी पडणार नाही. खरं तर माझी नाली बुजली होती. ती मी साफ केली असती तर चिखल झालाच नसता. पण नाली खणण्यात नाव होत नाही. त्या हिवाळ्यात अण्णा मोतीबिंदू आणि मग गुडघा अशी दोन दुखणी घेऊन घरी पडले, आणि मी कामाला लागले. ओळखीतल्या एका कारखानदाराकडून सिमेंटचे लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक मिळवले, गवंडी लावले आणि सातशे पावलांची पट्टी टकाटक बसवून टाकली. टोकाला एक छोटा दगडही लावला. त्यावर माझ्या वडिलांचं नाव आणि खाली 'स्मरणार्थ'. ते आदल्या वर्षीच गेले होते. त्यांच्या डोंगरवाटांच्या वेडाला यापेक्षा चांगलं स्मारक काय असणार, असं मला वाटलं. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. अण्णांना मुद्दाम पाठवले नाहीत. त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं.

ते आले वैशाखात, दुपारी दोनला. वेळ त्यांनीच ठरवली होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. त्यांनी पट्टी पाहिली, दगडावरचं नाव वाचलं, हात जोडले. मग मला म्हणाले, "चप्पल उतार." मी उतरवली. "उभी राहा." मी त्या लाल-पिवळ्या ब्लॉकवर उभी राहिले आणि दुसऱ्या क्षणाला उडी मारून गवतात गेले. तव्यावर पाय ठेवावा तसं भाजलं होतं. अण्णा स्वतः मात्र गुडघ्याला पट्टा बांधलेला, काठी टेकत, त्या ब्लॉकवरून अनवाणी वीस पावलं चालले आणि परत आले. मी "अण्णा, नको, अण्णा, पुरे" म्हणत होते. ते येऊन माझ्याशेजारी गवतात बसले, पाय चोळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वैशाली, अधिक महिना दरवेळी श्रावणातच येतो का गं?"

पंचांग आमच्या घरी भिंतीवर टांगलेलं असतं. अधिक महिना फिरत असतो, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. यानंतरचा अधिक ज्येष्ठ होता. काशीतला ज्येष्ठ म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मागच्या पावसाचा बंदोबस्त करताना मी पुढच्या उन्हासाठी सातशे पावलांची भट्टी बांधून ठेवली होती. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "तू घातलंस, तूच काढ. तुझी हद्द आहे. घाई नाही, ज्येष्ठाला अजून वेळ आहे." त्यानंतर त्यांनी विषय बदलला.

वेळ होता म्हणूनच मी तो घालवला. खरं कारण आळस नव्हतं, ते कबूल करून टाकते. मला ते ब्लॉक काढवत नव्हते. काढायचे म्हणजे वडिलांच्या नावाचा दगडही काढायचा. आणि ब्लॉक गावात सगळ्यांना आवडले होते. लल्लनने त्यावर चहाची टपरी टाकली होती, बाकडी मांडली होती. गावातले लोक येता-जाता मला नमस्कार करत. ज्या चुकीचं सगळे कौतुक करतात ती दुरुस्त करायला फार मोठं मन लागतं, आणि माझं तेवढं नव्हतं. एकदा कुदळ घेऊन गेले, कडेचे वीसेक ब्लॉक उचकटले, लल्लनने "दीदी, काहे?" म्हणून विचारलं आणि मी काहीतरी पुटपुटत परत आले. टोळीतल्या कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही की हात लावला नाही. माझी हद्द ना! अण्णा मधूनमधून एवढंच विचारत, "पट्टी?" आणि मी म्हणे, "करतेय."

यंदा होळीनंतर अण्णांची तब्येत ढासळली. हृदय थकलंय, जिने चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या बुधवारी मी गेले तेव्हा माधवी दारातच कुरकुरली, "ताई, यांना जरा समजवा. काल दिवसभर घरी नव्हते. कुठे होता विचारलं, तर म्हणतात भैरवनाथाला गेलो होतो. दोन गल्ल्या पलीकडच्या भैरवनाथाला जायला सात तास लागतात का?" मी आत गेले. अण्णा खिडकीशी पडले होते, चेहरा उतरलेला, पण डोळे लख्ख. त्यांनी विचारलंच, "पट्टी?" आणि मला काय झालं कुणास ठाऊक... त्या चेहऱ्याला पुन्हा एकदा "करतेय" म्हणणं माझ्याच्याने होईना. मी म्हणाले, "झाली अण्णा."

"सगळी?"

"सगळी. सातशे पावलं."

"नाली?"

"खणली. उतारसुद्धा दिलाय."

"आणि माती कुठून आणलीस?"

मी म्हणाले, "रामजतनच्या तळ्याकाठची. त्यानेच दिली. छान मऊ आहे, बलुई." इतकंच नाही, मी त्यावरून चालूनही पाहिलं, अगदी डोळे मिटून, असंही वर सांगितलं. खोटं बोलायला लागलं की माणसाला किती बारकावे सुचतात! अण्णा माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चांगली असते ती माती. मग काही फिकर नाही." आणि आत हाक मारली, "माधवी, वैशालीला चहा दे, आलं घालून. मेहनत करून आली आहे ती." तो चहा मी कसा प्यायले ते माझं मला माहीत. शनिवारी ते गेले.

तेराव्यापर्यंत मी रोज दुर्गाघाटावर जात होते. पंगती वाढल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी दिलं, माधवीच्या हाताखाली पडेल ते केलं. लोक म्हणत, समाधानाने गेले हो. ते ऐकलं की मी पाण्याचा तांब्या उचलून आत निघून जायचे. त्यांचं समाधान मी माझ्या थापांवर उभं केलं होतं. जन्मभर ज्यांनी खडा टोचला तर खडा दाखवला, त्यांना मी शेवटी चकवलं होतं. तेराव्याच्या नंतरच्या रविवारी मी कुणालाही न सांगता कुदळ आणि फावडं घेऊन भीमचंडीच्या पुढे निघाले. म्हटलं, आता ज्येष्ठ येवो न येवो, लल्लन काही म्हणो, हे आजपासून निघायला लागणार.

माझ्या हद्दीच्या तोंडाशी, लिंबाखाली, मातीचा एक मोठा ढीग होता. चार-पाच भरलेल्या ट्रॉल्या रिकाम्या केलेल्या असाव्यात एवढा. वर गोणपाटं टाकून चारी बाजूंनी विटा ठेवल्या होत्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. मला वाटलं, कुणाचं घरबांधणीचं सामान असेल. माती हातात घेऊन पाहिली. बारीक, वाळूमिश्रित, उत्तम. लल्लनला विचारलं, "किसकी है ये?"

"आपकी है दीदी," तो म्हणाला. "बाबूजी गिरवा गए थे. बोले, वैशाली बिटिया आएगी तो लगेगी."

"कौन बाबूजी?"

"अरे, आपके अण्णाजी. ऑटो से आए थे. सबेरे से तीन बजे तक यहीं बैठे रहे, ट्रॉलियों का इंतजार करते. हमसे बोले, टपरी पीछे कर लो बेटा, जेठ से पहले यह सब उखड़ेगा. हमने तो उसी दिन पीछे कर ली."

तेव्हा माझं लक्ष गेलं. टपरी खरंच रस्त्यापासून आत सरकली होती. मी विचारलं, कधी आले होते? लल्लनने बोटांवर दिवस मोजले, आठवलं. "होली के बाद वाला मंगल."

मंगळवार. मी खोटं बोलले तो बुधवार. म्हणजे माती कुठून आणलीस असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा माझ्यासाठी आणलेली माती आदल्या दिवशी त्यांनीच इथे उतरवून घेतली होती. माझे सातशे पावलं ब्लॉक जागच्या जागी आहेत हे ते स्वतः, डॉक्टरचं न ऐकता, तीन वाजेपर्यंत इथे बसून डोळ्यांनी पाहून गेले होते. आणि तरी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, रामजतनच्या तळ्यासकट, आणि आलं घातलेला चहा पाजला. त्या दुपारी त्या खोलीत आम्ही दोघंही खोटं बोलत होतो. त्यांना दोन्ही खोटी ठाऊक होती, मला एकच. मी त्या ढिगावर बसले आणि अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदा रडले, अगदी हमसून हमसून. लल्लन बिचारा गोंधळून पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला.

त्या मंगळवारच्या दगदगीने तर ते गेले नाहीत ना, हा प्रश्न मला पडलाच. मी तो माधवीला विचारलाही, सगळं सांगून टाकून. ती म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणाले ते चार-सहा दिवसांचे सोबती होते. त्यातला एक दिवस त्यांनी आपल्या मनासारखा घालवला. तुम्ही तो हिशोब लावत बसू नका." तिने मला माफ केलं की समजावलं, मला ठाऊक नाही. पण पुढच्या रविवारी ती स्वतः पदर खोचून आली. मी टोळीसमोर उभं राहून सांगितलं, की मला मदत हवी आहे, माझ्या हद्दीत या. एवढं एक वाक्य ऐकायला ते दोन वर्षं थांबले होते. रामजतन पहारी घेऊन आला, जोशीगुरुजी सोवळं घरी ठेवून आले. सात रविवार लागले. निघालेले ब्लॉक रामजतनच्या गावात शाळेच्या हातपंपाभोवती बसवले, तिथे चिखल व्हायचा. वडिलांच्या नावाचा दगड मी स्वतः काढला. तो आता माझ्या घरी आहे, तुळशीपाशी. वडिलांना वाईट वाटलं नसेल. अनवाणी चालताना काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

नाली खणली, उतार दिला, अण्णांची माती पसरत गेलो. ती पुरेल असं वाटत होतं, पण शेवटच्या टोकाला दहा-बारा पावलांपुरती कमी पडली. रामजतन म्हणाला, कडेची जरा ओढून भरून काढू. मी नको म्हटलं. त्याला म्हटलं, तुझ्या तळ्याकाठची दे. आम्ही दोघं घमेली घेऊन गेलो आणि आठ खेपा करून ती माती आणली, जाताना डाव्या कडेने.

आता अधिक ज्येष्ठ चालू आहे. बाया डांबर सोडून आपोआप पट्टीवर येतात, गाठोडं सावरत, बोलत बोलत माझ्या हद्दीतून जातात, आणि पायाखाली काय आहे याकडे कुणाचंही लक्ष नसतं. काल दुपारी दोनला मी चपला काढल्या आणि सातशे पावलं चालले, डोळे मिटून, त्या शेवटच्या टोकापर्यंत. माती मऊ आहे, बलुई आहे, रामजतनच्या तळ्याकाठची आहे. अण्णा, मी तुम्हाला सांगितलं होतं ना.